पुसून टाक, मीच म्हणालो

कंग्राळीहून सायकलवर येणारा तो कॉम्प्युटरवाला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचा. "न्हाय मरत हे, आप्पा. न्हाय मरत." आमच्या जुन्या कॉम्प्युटरचे स्क्रू तो चहाच्या बशीत काढून ठेवायचा आणि आतली धूळ सायकलच्या पंपानं उडवायचा. मला नवा घ्यायचा नव्हता. पेपर वाचण्यापुरता हाच चालला तरी पुरे होतं.

"नवी सिस्टीम घालायची तर आतलं सगळं पुसायला लागंल," तो म्हणाला. "आक्कांचं काय असंल तर बघा. बघा एकदा."

बायकोला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. तिचं काही उघडून बघायचं धैर्य मला नव्हतं. "काही नाही त्यात. पुसून टाक!" मी खेकसलो.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. सांडगे कसे घालायचे ते आईनं तिच्यासाठी हसत हसत सांगितलेलं रेकॉर्डिंग त्या कॉम्प्युटरमध्ये होतं. ते सापडेना. कॉम्प्युटरवाला नेमका त्याच वेळी आलेला. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. "यानं न विचारता पुसलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "व्हय ताई, माझ्याकडनं गेलं. माझ्याकडनंच गेलं."

मुलगी त्याला नाही नाही ते बोलली. त्याला सोडायला मी फाटकापर्यंत गेलो, तर म्हणाला, "तुमची एकच लेक हाय, आप्पा. मी काय, परका."

त्यानंतर तो आला नाही. बोलवायचं तोंड मला नव्हतं.

पोरी, त्यानं विचारलं होतं. तुझ्या आईचा आवाज मी घालवला, आणि आता तो एकदा ऐकावा म्हणून माझाच जीव तुटतो.