काहिलीतून अण्णांच्या विहिरीकडं

आमच्या घराण्यात आजवर एकच सहल निघाली, आणि ती अण्णांची राख घेऊन निघाली.

अण्णा म्हणजे आमचे वडील. जायच्या आधी त्यांनी मला आणि धाकट्या भास्करला खाटेजवळ बोलावलं आणि सांगितलं, "मला गंगेत टाकू नका. माझ्या हिरीत टाका." (आमच्याकडं गंगा म्हणजे गोदावरी.) ही विहीर अण्णांनी ऐन तरुणपणी स्वतः खणलेली. सुरुंग लावले, खडक फोडला, तळहाताची सालटी काढून घेतली, तेव्हा कुठं पाणी लागलं. चार उन्हाळे त्या पाण्यावर भुईमूग काढला असेल नसेल, तोवर माजलगावचं धरण झालं आणि विहिरीसकट आमचं रान पाण्यात गेलं. आयुष्यभर अण्णा काठावर उभे राहून बोट दाखवायचे, "तितं हाय बघ." तिथं म्हणजे नेमकं कुठं, हे आम्ही दोघांनी कधी विचारलं नाही.

आणि अण्णा गेले ते नेमके दुष्काळात. ऊस वाळून त्याची वैरण झाली होती, कारखान्याचं धुराडं थंड होतं, गुऱ्हाळं बंद, जनावरं छावणीत. धरणाच्या पोटात उरलेलं पाणी फक्त पिण्यासाठी राखलेलं, टँकर तिथूनच भरायचे. त्या पाण्यात अंघोळ नाही, जनावर नाही, निर्माल्य नाही आणि राख तर अजिबात नाही, असा कडक नियम गावानं केला होता. काठावर पाटी ठोकली होती आणि नामा नावाच्या एका पोक्त माणसाला शिट्टी देऊन राखणीला बसवलं होतं. हे सगळं केलं पाणी बचाव समितीनं. समितीचा अध्यक्ष मीच.

(सोसायटीच्या निवडणुकीत पडल्यावर माणसाला कशाचं तरी अध्यक्ष व्हावंच लागतं.) मला पाडलं होतं भास्करनं. माझं पॅनल छत्री, त्याचं कपबशी. तेव्हापासून आम्ही एकाच घरात राहून आईमार्फत बोलत होतो. "आई, त्याला सांग मोटर बंद कर म्हणाव." "आई, त्याला सांग लाईटच न्हाई म्हणाव." आई मध्ये बसून भाकरी थापायची. काही निरोप पोचवायची, काही तव्यावरच जाळून टाकायची.

दहावा झाला. राखेचं मडकं दारच्या लिंबाला टांगलेलं होतं आणि आई सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडं बघत बसायची. धड जेवायची नाही. एक दिवस म्हणाली, "तुमा दोघांचे हात लागले पायजेत मडक्याला. अन् हिरीतच. न्हाईतर ते वाट बघत बसतेल. मला माहीत हाय त्यांचा सोभाव." तिच्या डोळ्यांकडं बघून मला नाही म्हणवेना. पण गावाला नियम घालून देणाऱ्यानं स्वतःच्या बापाची राख गावाच्या पिण्याच्या पाण्यात कशी टाकायची? मी डोकं लढवलं. (ते नुकतंच शेंडी तेवढी ठेवून तासलेलं होतं, त्यामुळं आत जरा वारं खेळत असावं.) ठरवलं, सहल काढायची. सहलीला कोण अडवतं?

होड्यांचा प्रश्न जब्बारभाईंनी सोडवला. सिरसाळ्याचे जब्बारभाई गुऱ्हाळाच्या काहिलींना वेल्डिंग करायचे, अण्णांचे जुने दोस्त. काहील म्हणजे गूळ शिजवायची ती भली मोठी लोखंडी कढई. पूर्वी आमच्याकडं पूर आला की लोक काहिलीत बसूनच नदी उतरायचे. गुऱ्हाळं बंद असल्यानं तीन काहिली त्यांच्याकडं पालथ्या पडल्या होत्या. त्या टेम्पोत घालून ते काठावर हजर झाले.

"जब्बारभाई, बुडायची न्हाई ना?" मी विचारलं.

"आजतक तो गूळ में नै डूबी," ते म्हणाले.

पहिल्या काहिलीत आम्ही, दुसरीत आमच्या दोघांच्या बायका आणि बहीण आक्का, ती दोरानं आमच्यामागं बांधलेली. तिसरी दाजींची. आक्काचे यजमान मांजरसुंब्याला ढाबा चालवतात आणि मानपानाला फार कडक आहेत. त्यांची काहीलही दोरानं बांधूया म्हटलं, तर म्हणाले, "दाव्याला बांधाया मी काय बैल हाय का?" मग त्यांना स्वतंत्र काहील दिली, आणि मान म्हणून जेवणाचे सगळे डबे त्यांच्याच स्वाधीन केले.

एवढ्यात नामा आला.

"कुठं निघालात, अध्यक्ष?"

"सहल काढलीय."

नामानं आमच्या दोघांच्या तुळतुळीत डोक्यांकडं पाहिलं. दहाव्याला तो आमच्याच ओट्यावर जेवून गेला होता.

"सहल?"

"व्हय. घरात लई जड वाटायलंय. अण्णांनाबी पाण्याची हौसच व्हती."

टँकरपाशी घागरी घेऊन बायकांची रांग उभी होती. त्यातल्या एकीनं दुसरीला कोपर मारलं. "बाप जाऊन पंधरा दिस न्हाई झाले अन् ह्यांला फिराया सुचायलंय." मी खरं सांगू शकत होतो. पण मग स्वतःचाच नियम मोडणारा अध्यक्ष ठरलो असतो. त्यापेक्षा बेशरम ठरलेलं मला परवडलं, आणि मी त्या बायकांकडं बघून चक्क हसलो. नामा म्हणाला, "फिरा. पण पाण्याला हात लावायचा न्हाई." मी त्याला अध्यक्षाचा शब्द दिला.

काहिलीला पुढं-मागं नसतं. वल्हं मारलं की ती पुढं जायच्या आधी स्वतःभोवती गिरकी घेते. शिवाय वजन दोन्ही अंगांना सारखं लागतं. जब्बारभाईंनी आम्हाला नजरेनं जोखलं आणि हुकूम सोडला, "तुम दोनों आमने-सामने बैठो. वजन बराबर है." झालं. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच मी आणि भास्कर गुडघ्याला गुडघा लावून बसलो. आई एका बाजूला, मांडीवर फडक्यात बांधलेलं मडकं, वर भाकरीची टोपली. तिच्यासमोर जब्बारभाई वल्हं घेऊन. मी जरा कललो की भास्करला उलट्या बाजूला कलावं लागायचं, आणि तो शिंकला की मला कड धरावी लागायची.

"आई, त्याला सांग नीट बस म्हणाव."

"आई, त्याला सांग आधी पोट आत घे म्हणाव."

मग विहीर शोधायची वेळ आली. पाण्याबाहेर एका जुन्या चिंचेचा काळा बुंधा दिसत होता. मी म्हणालो, "आई, त्याला सांग, हीर बुंध्याच्या उगवतीला हाय." भास्कर म्हणाला, "आई, त्याला सांग, मावळतीला हाय. उगवतीला गोठा व्हता." जब्बारभाई बिचारे एकदा उगवतीला न्यायचे, एकदा मावळतीला. मागच्या काहिलीत आमच्या बायका प्रत्येक फेरीला त्याच बुंध्याला नमस्कार करत होत्या. तेवढ्यात वारा सुटला आणि दाजी डब्यांसकट गरागरा फिरत दूर जायला लागले. "ओ, धरा की कुनीतरी!" एवढं ऐकू आलं, मग तेही ऐकू येईना.

आणि एकदम काहिलीचा तळ दगडावर घासला. आम्ही थांबलो. खाली वीतभर पाण्यात घडीव दगडांची कड दिसत होती आणि तिच्या पलीकडं पाणी काळंशार.

"थारोळं," आई म्हणाली. "हितं मोट रिकामी व्हायची. ह्या दगडावर मी धुनं धुतलंय." तिनं हात पाण्यात घालून दगड चाचपला आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. मला भडभडून आलं. भास्करकडं पाहिलं, तर तो मान वर करून आभाळ बघत होता, आणि त्या आभाळात बघण्यासारखा एक ढगही नव्हता.

विहीर आम्हाला सापडली नव्हती, आम्ही तिच्यावर चढलो होतो. काहील अर्धी थारोळ्यावर, अर्धी विहिरीच्या तोंडावर, आणि जागची हलेना. जब्बारभाई म्हणाले, "मैं तीन बोल्या की दोनों एक साथ उठो, और थारोळ्यापे उतरो. एक साथ." अगदी सोपं काम होतं. पण कपबशीवाल्याच्या बरोबरीनं तीनला उठायचं माझ्या जिवावर आलं. मी दोनलाच उठलो.

काहील माझ्या अंगावर कलंडली आणि मी पाठमोरा विहिरीत निघालो. मला पोहता येत नाही. (पाणी बचाव समितीच्या अध्यक्षाला पोहता आलं पाहिजे, असं नियमात कुठं आहे?) पाय दगडावरून सुटले, खाली तळ नाही, नाकातोंडात पाणी, आणि क्षणभर मला वाटलं की आज अण्णांच्या आधी मीच विहिरीत पोचतो. तोच टाळूला असा हिसका बसला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. भास्करनं काहिलीतून झेप टाकून माझी शेंडी पकडली होती.

"दादा, हिरीकडं न्हाई, हिकडं! हिकडं ये, येड्या!"

त्यानं मला शेंडीनं ओढत थारोळ्यावर घेतलं, तिथून आम्ही दोघं घसरलो ते पलीकडच्या कमरेएवढ्या चिखलात. "मेला असतास की बे," तो म्हणाला, आणि शेंडी सोडायला तयार होईना. मीही सोड म्हणालो नाही.

वजन कमी झाल्यानं काहील आपोआप मोकळी झाली होती. आई, जब्बारभाई आणि मडकं, तिघंही कोरडे. काठावरून नामाची शिट्टी वाजली ती थांबेचना.

"अध्यक्ष! पिण्याच्या पाण्यात अंगूळ करायलात व्हय?"

आईनं काठाकडं पाहिलं. बायकांची रांग तशीच उभी होती. मग तिनं आम्ही गढूळ करून ठेवलेल्या पाण्याकडं पाहिलं. "ह्यात नको," ती म्हणाली.

"अगं, पण अण्णांनी सांगितलंय."

"सांगितलं तवा त्यांच्या डोळ्यापुढं भरलेलं पानी व्हतं. हे लोकं पितेत. त्यांनी त्या हिरीवरून कुनाला रिकाम्या घागरीनं लावून दिलं न्हाई. आता त्यांच्यापायी कुनी नाक धरून पानी प्यायचं का?"

"मग कुठं?"

तिनं हात लांब केला. "जावई कुठं बसलेत बघ."

दाजींची काहील वाऱ्यानं कोरड्या कडेला नेऊन लावली होती. तिथं एका बांधावर मांडी घालून ते धपाटे खात होते.

"ते आपलं वरचं रान हाय," आई म्हणाली. "त्यांच्या बुडाखाली आपला बांध हाय."

आम्ही तिथं गेलो. खणावं लागलं नाही. जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की कोपरापर्यंत हात जात होता. मी आणि भास्करनं मडकं दोन्ही बाजूंनी धरलं आणि राख भेगेत ओतली. ती आत जातच राहिली, वर काही उरलंच नाही. दाजींनी तोंडातला घास गिळला, हात धोतराला पुसले आणि जोडले. जब्बारभाई डोक्यावर रुमाल टाकून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत उभे होते.

"पाऊस पडला की पानी यील त्यांच्याकडं," आई म्हणाली. "दर टायमाला मानसानंच का म्हून पान्याकडं जायचं?" त्या रात्री ती अर्धी भाकरी जेवली.

गावात आमची जी व्हायची ती शोभा झाली. समितीनं मला काढून टाकलं, ठराव एकमतानं मंजूर झाला. मीही हात वर केला, कारण राख घेऊन गेलो होतो हे सांगायचं म्हटलं तर कोरड्या रानात जायला आम्ही काहिलीतून का गेलो, तेही सांगावं लागलं असतं.

त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. लोकांनी पेरलेलं मोडलं. मी आणि भास्कर त्याच्या मोटारसायकलवर धरणाकडं चक्कर टाकायचो आणि परत यायचो. गणपती उठल्यावर मात्र पाऊस लागून राहिला, आणि एका सकाळी बघतो तो बांध दिसेना. वरचं रान पाण्याखाली गेलं होतं. आम्ही घरी येऊन आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि धरणाच्या दिशेला हात जोडले.

मला राहवलं नाही. जरा छाती काढून म्हणालो, "बघ आई, शेवटी आमी दोघांनी नीट पार पाडलं का न्हाई?"

"पाडलं की," आई म्हणाली. "पर माझ्या येळंला तुमी काई करू नका. मी जब्बारला सांगून ठिवलंय."

"जब्बारभाईंना?" भास्कर म्हणाला. "अन् ते काय म्हणले?"

"हो म्हणला. एकच अट घातलीय त्यानं."

"कोणती?"

आईनं पुन्हा शेंग उचलली. "पोरांना काठावर बसवा म्हणं."