न मोजलेलं तापमान

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिडकीनला, आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "गेले गं... चहा मागितला आणि गेले." अशा वेळी रडू यायला हवं. मला आधी राग आला. आदल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला होता आणि त्यात तोच प्रश्न, "काय, काही सांगायचंय का?" मी म्हटलं, नाही सर, सगळं ठीक. "बरं." ठेवला फोन. इतक्या वर्षांत माणसानं कधी माझी तब्येत विचारली नाही, पोरंबाळं विचारली नाहीत. आपलं एकच... काही सांगायचंय का!

मी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आमचं काम एका मधल्या प्रोटीनवर होतं. पेशीला बाहेरून निरोप आला की तो आत पोचावा म्हणून दोन प्रोटीनांची गाठ घालून द्यायची, एवढाच त्याचा उद्योग. सर म्हणायचे, "हा सोयरीक जमवणारा मामा. स्वतः बोहल्यावर नाय, पण त्याच्याबिगर लग्नबी नाय." मामा दिसतो कसा हे बघायचं तर आधी त्याचे स्फटिक वाढवायचे, मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. स्फटिक वाढतात ट्रेमधल्या टिकलीएवढ्या थेंबांत, तेही त्यांच्या मर्जीनं. माझी पाच वर्षं त्या थेंबांकडं बघण्यात गेली. घरचे लग्नाचं विचारून दमले, प्रबंधाची मुदत संपत आली, आणि थेंब आपले स्वच्छ, कोरे.

त्यात ते दुष्काळाचं साल. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, भर दुपारी वीज गेली की एसी बंद. शिवाय पडेगावच्या बाजूला रस्ता रुंद करायचं काम चाललेलं, ते मशीन दिवसभर खडक फोडायचं आणि आमच्या काचा थरथरायच्या. एका सोमवारी येऊन बघते तर सगळे ट्रे गायब! सरांचा फोन बंद. मी दोन दिवस नुसती रडत, प्रयोगशाळेची कपाटं उपसत बसले. तिसऱ्या दिवशी स्वारी हजर.

"अगं, मशीन हादरे देतंय. गावाकडं न्हेऊन ठेवले मी. यष्टीत मांडीवर धरून."

"सर, सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू न्हेऊ दिले असते व्हय?"

गाव खुलताबादच्या पुढं. सरांचे थोरले भाऊ मेंढरं राखायचे. चारा संपला म्हणून कळप घेऊन ते गोदाकाठी गेलेले, त्यामुळं कडब्याची खोली रिकामी. मातीच्या जाड भिंती, आत गार अंधार. महिन्याभरानं मी तावातावानं तिथं गेले, तर सरांच्या वहिनी दारातच बसलेल्या. "हळू बोल बाई. भाऊजींनी सांगितलंय, दार लई येळ उघडं ठेवायचं नाय." आत जाऊन ट्रे भिंगाखाली धरला... आणि थेंबात स्फटिक! स्वच्छ, धारदार कडांचे. मी वहिनींना मिठीच मारली. पुढं मामाचा आकार मिळाला, सगळं झालं.

भांडण झालं ते प्रबंध लिहिताना. सर हटूनच बसले, "जिथं वाढले तिथलंच लिहायचं. कडब्याची खोली, तापमान मोजलेलं नाही." काय बाई हट्ट! परीक्षक हसतील, पदवी अडकेल, या भीतीनं माझी झोप उडाली. शेवटच्या प्रतीत मी गुपचूप लिहिलं, 'प्रयोगशाळेत, खोलीच्या तापमानाला'. सरांनी सही केली. ते पान त्यांनी वाचलंच नाही, असं मी धरून चालले. पुढं परराज्यातल्या एका मुलीचं पत्र आलं, मी तुमच्या प्रबंधाप्रमाणंच वर्षभर करतेय, स्फटिक येतच नाहीत, माझं काय चुकतंय? मी उत्तर धाडलं, प्रयत्न सुरू ठेवा. तिनं नंतर तो विषयच सोडला, असं कानावर आलं.

तेराव्यानंतर काकूंनी सरांची पुस्तकं आवरायला बोलावलं. मेजाच्या खणात माझा प्रबंध होता. त्याच पानावर टाचणीनं एक कागद लावलेला, इतक्या वर्षांत पिवळा पडलेला. सरांच्या अक्षरात दोन ओळींची दुरुस्ती. खाली माझं नाव आणि सहीसाठी मोकळी जागा.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! पहिल्यापासून! अहो सर, बाटलीवर तारीख नाही म्हणून पाऊण तास बोलणारे तुम्ही, या बाबतीत तोंड का शिवलंत? एकदा खडसावलं असतं तर ती मुलगी तरी वाचली असती. नाही... मी आपणहून सांगावं म्हणून फोन करत बसलात. आणि मी दर वेळी "सगळं ठीक."

काकूंच्या समोरच मी त्या कागदावर सही केली. विद्यापीठाला पाठवलाय, त्या मुलीचा पत्ता शोधतेय. आणि इथंही लिहिते, चारचौघांत: ते स्फटिक प्रयोगशाळेत वाढलेले नाहीत. ते खुलताबादच्या पुढच्या एका गावात, कडब्याच्या रिकाम्या खोलीत वाढले. तापमान मोजलेलं नाही.