दहावा हिस्सा कमी ऊन

माझ्या थोरल्या जाऊबाई सोलर पॅनलच्या कारखान्यात तपासणीला आहेत. अकरा वर्षं झाली. खोलीला खिडकी नाही, भिंती काळ्या. टेबलावर पॅनल ठेवायचं, दार ओढून घ्यायचं, बटण दाबायचं. भर दुपारच्या उन्हाएवढा, चौरस मीटरला हजार वॅटचा झोत क्षणभर पडतो आणि पॅनलच्या विजेचा आकडा येतो, चारशे वॅट. दिवसातून तीनशे वेळा दुपार, तीनशे वेळा काळोख.

कारखान्याच्या मागच्या अंगणात खऱ्या उन्हातही पॅनल मोजतात. पण ढग आला की आकडा घसरतो; ऊन निम्मं तर वीजही जवळपास निम्मी. त्या आकड्यांवर कुणी फारसं विसंबत नाही, म्हणून आत चुका करणाऱ्यांना तिकडे धाडतात. जाऊबाईंना तेच अंगण हवं होतं. तीन अर्ज झाले. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "बाई, तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

घरी आमचे हे चिडवायचे, "वहिनी, माझ्यावर झोत मारून बघा, किती वॅट निघतात!"

"भाऊजी, तुमचं पॅनल सोफ्याच्या सावलीत असतं. काय निघणार?"

एकदा भाजी निवडताना मी म्हटलं, "मग चुका ना एकदा मुद्दाम."

त्या बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या.

सोमवारी त्यांनी दिव्याचा झोत दहाव्या हिश्शाने कमी केला. शंभर पॅनल, सगळी तीनशे साठच्या आसपास. दुपारी साहेबांचं बोलावणं आलं. संध्याकाळी त्या दारातून आत आल्या, तेव्हा मी चहाचं आधण तसंच सोडून पुढे गेले.

"अंगण मिळालं?"

"साहेब म्हणाले, बाई चुकणं शक्यच नाही. दिवाच म्हातारा झाला असणार." त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता खुर्चीत बसल्या. "नवा दिवा मागवलाय. तो माझ्याशिवाय कुणी हाताळायचा नाही, असं लेखी काढलंय. आणि ती शंभर पॅनल परत मीच मोजायची."

रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी डोळे बारीक करून वर पाहिलं.

"साडेआठशे असेल."

"काय?"

"ऊन. आमच्या दिव्याच्या हजाराला दीडशे कमी."

"असू दे. बसा की जरा उन्हात."

त्या तिथल्या खुर्चीत बसल्या. मिनिटभरात डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "सोसत नाही गं आता," म्हणत त्यांनी खुर्ची पाण्याच्या टाकीच्या सावलीत ओढली.