मूर्खाची रेघ

बर्नडीन हरबोव्स्कीने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरातल्या वळणांवर, बर्फात, एकदाही गाडी ठोकली नाही. असं असूनही दुकानातला माणूस पिस्तूल दाखवताना बोलत होता तिच्या भावाशी.

"तुमच्या बहिणीच्या हाताला हे छोटंच बरं पडेल," असं म्हणत त्याने काउंटरवर जांभळ्या मुठीचं एक खेळण्यासारखं पिस्तूल ठेवलं. "पर्समध्ये मावतं."

सिरिल हसला. "बघ बर्नी, तुझ्या चर्चच्या कोटाला शोभेल."

"मी इथे उभी आहे," बर्नडीन त्या माणसाला म्हणाली. "पैसे मी देणार, फॉर्मवर सही मी करणार. ते वरच्या रांगेतलं काढा. काळं, लाकडी मुठीचं, जुन्या लष्करी घडणीचं."

"ते जड आहे हो मॅडम."

"बसचं स्टिअरिंगही जड असतं."

तिला तेच का हवं होतं, ते सिरिलला पक्कं ठाऊक होतं. युद्धावरून परतताना वडिलांनी तसलंच पिस्तूल आणलं होतं. महिन्यातून एकदा ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडायचे आणि तेलाची बाटली धरायला बर्नडीनला बसवायचे. सिरिल तेव्हा बेसबॉल खेळत असायचा. पण वडील गेले आणि पिस्तूल मुलाकडे गेलं, कारण तो मुलगा. तीन वर्षांत त्याने ते विकून बर्फ काढायचं यंत्र घेतलं. बर्नडीनला विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. ही गोष्ट तिने चाळीस वर्षं गिळली होती, पचवली मात्र नव्हती.

नवं पिस्तूल घरी आलं तेव्हा तिने पहिल्यांदा ते रिकामं असल्याची दोनदा खात्री करून घेतली आणि मग कारखान्यातलं चिकट ग्रीस पुसून काढलं. नळी पुढे धरून ठेवणारी टोपी फिरवताना आतली स्प्रिंग निसटली आणि तिच्यावरचं बूच थेट छताला जाऊन आपटलं. छताला खळगा पडला. बर्नडीन स्वतःलाच शिव्या घालत गुडघ्यांवर बसून फ्रिजखाली ते शोधत राहिली. पुढच्या वेळेपासून बुचावर अंगठा दाबून धरायला शिकली. सरकत्या भागाच्या खाचांत तेलाचा एकेक थेंबच घालायचा, जास्त नाही. पहिल्या दोन-तीनशे गोळ्या साध्याच वापरायच्या, म्हणजे भाग एकमेकांत नीट बसतात. सगळं तिने वहीत लिहून ठेवलं, आधी बसच्या इंजिनाचं ठेवायची तसंच.

सगळ्यात जपायची जागा एकच. जोडताना सरकता भाग अडवणारा खटका शेवटी आत घालावा लागतो. तो खाचेसमोर आणून सरळ आत दाबायचा. घाईने खालून वर फिरवला, की त्याचं टोक पिस्तुलाच्या अंगावर कमानीसारखा ओरखडा काढतं आणि तो कायमचा राहतो. त्या भागातले लोक त्याला 'मूर्खाची रेघ' म्हणतात. बर्नडीनने दोन महिन्यांत चौदा वेळा पिस्तूल उघडलं आणि जोडलं. रेघ नाही.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. शुक्रवारी सकाळी तिने पिस्तूल उघडून सगळे भाग टॉवेलवर क्रमाने मांडले होते. तेवढ्यात चर्चमधून फोन आला. संध्याकाळसाठी सहाशे पिरोग्या, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, भरायच्या होत्या आणि दोघी जणी आजारी पडल्या होत्या. बर्नडीनने गोळ्या कपाटात बंद केल्या, टॉवेल तसाच ठेवला आणि निघाली. गळका नळ बघायला सिरिल येणार होता, त्याच्याकडे किल्ली होती.

दुपारी हातावरचं पीठ धुऊन ती परतली, तर टॉवेल घडी करून ठेवलेला आणि त्यावर जोडलेलं पिस्तूल. नळ अजून गळतच होता.

तिने ते खिडकीपाशी नेलं. काळ्या अंगावर पांढरी, लखलखीत कमान. नखाला लागेल इतकी खोल.

तिने फोन केला. "सिरिल, माझ्या पिस्तुलाला हात कुणी लावला?"

"अगं, तू उघडं टाकून गेली होतीस. म्हटलं, तुला जमलं नसेल. जोडून दिलं."

"ओरखडा पडलाय."

"पडतोच गं. गोळी झाडायला अडतंय का काही?"

तिने फोन ठेवला. 

पुढच्या रविवारी सिरिलच्या नेमबाजी क्लबात सराव होता; बर्नडीन तिथे नुकतीच सभासद झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू म्हणून सिरिलला गाडीतून नेणारीही तीच. क्लबात कॉफीच्या भांड्याशेजारी एक पाटी टांगलेली होती. ज्याच्या पिस्तुलावर रेघ दिसेल त्याचं नाव तिच्यावर खडूने चढायचं आणि वर्षभर पुसायचं नाही. चाळीस वर्षांत त्या पाटीवर बाईचं नाव नव्हतं, कारण बर्नडीनच्या आधी क्लबात बाईच नव्हती.

मैदान सांभाळणारा अँब्रोज पेत्रुनाक तपासणीसाठी टेबलावरच्या पिस्तुलावर वाकला आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा! बाईसाहेबांनी सही केलीय! आणा रे खडू!"

"तरी म्हटलं, आजी, स्वेटर विणणं सोपं," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे खो खो हसले. सिरिलही हसला. तोंडात डोनट होता, तरी हसला.

"अँब्रोज, थांब," बर्नडीन म्हणाली. "ती रेघ माझी नाही."

"सगळे हेच म्हणतात."

"सिरिल, सांग."

सिरिल कॉफीच्या कपात बघू लागला. "जाऊ दे ना बर्नी. गंमत आहे."

"गंमत असेल तर तुझं नाव जाऊ दे."

अँब्रोजचा खडू पाटीवर टेकलेला होता, 'ब' अर्धा झाला होता.

बर्नडीनचा आवाज चढला. एकतीस वर्षं मागच्या बाकावरच्या पोरांना ऐकू जायचा तो आवाज. "बाबांचं विकलंस, मी बोलले नाही. हे माझं आहे. माझ्या घरात, माझ्या टेबलावरून, न विचारता उचललंस. आता माझ्या नावावर खपवतोस? इथे, या सगळ्यांसमोर, तोंड उघड!"

सिरिलने कप टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "मी केली. माझं लिही."

अँब्रोजने अर्धा 'ब' बाहीने पुसला.

परतीच्या बावीस किलोमीटरांतही गाडी तीच चालवत होती. घराजवळ आल्यावर सिरिल पुटपुटला, "चारचौघांत करायची गरज होती का?"

"चारचौघांत गप्प बसलास तू."

"बरं. आमच्या ओळखीचा एक जण आहे, घासून पुन्हा काळं करून देतो. अगदी नव्यासारखं. आण इकडे, मी नेऊन देतो."

बर्नडीनने गाडी त्याच्या फाटकाशी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

"माझ्या घराची किल्ली काढ," ती म्हणाली. "आणि उतर."