भावोजी, तुम्ही मासे बघा
मुलीच्या पाण्यात बघायच्या नव्या मास्कच्या रबराचा वास आला आणि मला लाझरस बेटाचा किनारा आठवला. बुकित बातोकच्या माझ्या वर्कशॉपला पंपांची एजन्सी हवी होती, म्हणून ती देणाऱ्या चिनी शेठला मीच सहलीला नेलं होतं. "भावोजी, आज तरी भांडू नका. तुम्ही मासे बघा, मी बसतो यांच्यापाशी," असं म्हणत, माझ्याच हाताखाली तयार झालेल्या मेहुण्याने माझ्या मास्कचा पट्टा आवळला. कोमट, हिरवट पाण्यात तोंड घालून मी काठालगत तरंगत राहिलो. पट्ट्यापट्ट्यांचे मासे हाताजवळून जात होते आणि कानांत फक्त माझा श्वास घुमत होता. बाहेर आलो तेव्हा दोघं हात मिळवत होते. एजन्सी माझ्या वर्कशॉपला नाही, मेहुण्याला त्याच्या स्वतःच्या नावावर मिळाली होती. शेठ हसून म्हणाला, "युअर ब्रदर-इन-लॉ बेटर लाह, नेव्हर शाउट." मी तिथेच, ओल्या अंगाने, मेहुण्यावर ओरडलो, तशी शेठने त्याच्याकडे बघून नुसती मान डोलावली. अजूनही दिवाळीला मेहुणा येतो, माझ्या पाया पडतो. बायको म्हणते, "आता सोडा की." सोडेन, पण मला पाण्यात मुद्दाम पाठवलं, एवढं त्याने एकदा माझ्या तोंडावर कबूल करावं.