डाव्या वळणाची गोगलगाय

आमच्या ह्यांच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासणारे एक गृहस्थ होते, त्यांना आम्ही टेस्टिंगवाले म्हणायचो. त्यांच्याइतकी सापावर माया करणारा माणूस अख्ख्या जपानात सापडायचा नाही. तेव्हा टोक्योच्या तोयोसू भागात आयटीतली मराठी बिऱ्हाडं नुकती वाढत होती. मे महिन्याच्या सुट्टीत बाकी सगळे फुजी पर्वतासमोर फोटो काढत. टेस्टिंगवाले मात्र विमानाने थेट दक्षिणेतल्या इशिगाकी बेटावर जात आणि रात्रभर जंगलात फांद्या न्याहाळत बसत. तिथे एक बारीकसा साप झाडावर राहतो आणि गोगलगायी खातो. "विषारी नाही हो वहिनी, फार गरीब आहे," असं इतक्या मायेने सांगत, की मला वाटे आता स्थळच सुचवतात की काय! पण सहा वर्षांत साप काही दिसला नव्हता.

आमच्याकडे जेवताना त्यांच्या शर्टावर आमटी सांडायचीच. ऑफिसात चॉपस्टिक्स डाव्या हातात झकास चालत, आमच्याकडे मात्र उजव्या हाताने कसंबसं जेवत. मी एकदा छेडलंच. म्हणाले, "लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की आजोबा पळी मारायचे. पानावर बसलं की हा हात अजून आखडतो." मग एकदम खुलले. "या सापाला उजवीकडे दात जास्त असतात, वहिनी! उजव्या वळणाच्या शंखाची गोगलगाय बरोब्बर धरतो. डावी मात्र निसटते म्हणे. एकदा डोळ्यांनी बघायचंय."

त्या वर्षी त्यांचं काँट्रॅक्ट संपणार होतं, मग कायमचं पुणं. शेवटच्या फेरीला त्यांनी आम्हा दोघांनाही ओढून नेलं. दोन रात्री डासांनी फोडून काढलं. तिसऱ्या रात्री, समुद्राची गाज ऐकत मी उभ्याउभ्या पेंगत असताना, ओल्या फांदीवर एक पिवळट दोरी हलली. समोर गोगलगाय, शंख डाव्या वळणाचा. सापाने झोपेत असल्यासारखं हळूच डोकं पुढे नेलं, ती धरली, जबडा घसरला. पुन्हा धरली, पुन्हा घसरला. गोगलगाय खालच्या पानावर टपकली आणि थोड्या वेळाने शिंगं काढून चालू लागली.

"सुटली, वहिनी, सुटली!" टेस्टिंगवाले चक्क रडत होते. मग सापाकडे बघून ओशाळले. "बिचारा उपाशी राहिला."

निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला आले आणि त्यांनी वरणभात कालवला तो डाव्या हाताने. आमचे हे बघतच राहिले. मी ह्यांना डोळ्यांनीच गप्प केलं आणि भातावर तूप वाढलं. त्या दिवशी शर्टावर एक थेंब सांडला नाही.

आता पुण्याहून अधूनमधून त्यांचा फोन येतो. ते पळीवाले आजोबा नव्वदीचे झालेत, अजून रोज आपल्या या नातवाला शेजारी घेऊनच जेवतात. कोणत्या हाताने जेवता हो, हे अगदी जिभेवर येतं. मी तिकडच्या उकाड्याची चौकशी करते आणि फोन ठेवते.