विरूअण्णा कराराला भिडले

"सुरत आली! हैदराबाद आलं! दुबई आली गं बायांनो, दुबई!"

कोहिनूरच्या वेशीतून विरूअण्णांची मोपेड आत शिरली की ही हाळी अख्ख्या गावाला ऐकू जायची. टपालाच्या पिशवीत कुणाचं काय आलंय ते अण्णा सांगत नसत, कुठून आलंय तेवढंच सांगत. मग ज्याचा मुलगा सुरतेला, जिचा जावई दुबईला, ती माणसं हातातलं काम टाकून चौकात यायची. ज्यांचं बाहेर कुणीच नाही, तीही यायची. मी एकदा विचारलं, "अण्णा, सरळ नाव का घेत नाही?"

"नाव घेतलं की एकटाच येतो पोरी. गावाचं नाव घेतलं की समदे येतेत. कोण आजारी हाय, कोण कुणावर रुसलंय, मला तिथंच कळतंय."

मी मंठाळची लेक, कोहिनूरची सून; दोन्ही गावं बिदरकडची. गावची शाखा डाकपाल म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा आमच्याच घराची रस्त्याकडची खोली पोस्ट झाली. टेबल, वजनकाटा, शिक्का, नोंदी करायचा मोबाईल आणि मी. पहिल्या दिवशी मी खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले होते. गावात टपाल वाटणारे विरूअण्णा आत आले, पिशवी टेबलावर आपटली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बसून कामून राहिलीस? चल, ऊठ."

त्यांनी मला घरोघर नेलं. प्रत्येक उंबऱ्यावर एकच वाक्य, खणखणीत आवाजात: "ही आपली पोस्टमास्तर. हिला सुमन पोस्टमास्तर म्हणायचं. अमक्याची बायको, तमक्याची सून म्हणायचं न्हाई." माझ्या सासूबाईंना सुद्धा त्यांनी हेच ऐकवलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पण संध्याकाळी त्यांनीच मला हाक मारली, "पोस्टमास्तर, चहा घेता का?"

अण्णा उंच, आडव्या अंगाचे. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. मोजणी कन्नडमध्ये, भांडण दखनीत आणि माया मराठीत, अशी त्यांच्या भाषेची वाटणी होती. तरुणपणी गावच्या नाटकात राजाचं काम करायचे. नाटक बंद पडलं, पण आवाज तसाच राहिला. कानात सांगायची गोष्टही ते चौकाला सांगत. कुणी घाई केली की म्हणत, "गडबड नको, उत्साह पायजे!" स्वतः मात्र दोन्ही एकदमच करत.

त्यांचा आवाज मी एकदाच खाली आलेला ऐकला. ओढ्यापलीकडच्या तांड्यावर शांता नावाची एक लहान मुलगी होती. जन्मापासून कमी ऐकायची. तिच्या कानाचं यंत्र हैदराबादहून पार्सलने आलं. ओढ्यावरचा पूल खचला होता, मोपेड जाईना. तांड्यावरच्या बायकांची बचत खाती उघडायला मलाही जायचंच होतं, म्हणून आम्ही दोघं चिखल तुडवत निघालो. अण्णांनी पार्सल डोक्यावर धरलं होतं. पोरीच्या आईने यंत्र तिच्या कानात बसवलं. अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि इतक्या हळू म्हणाले की मलाच नीट ऐकू आलं नाही, "शांताक्का, टपाल आलंय."

पोरगी दचकली. मग हसली. मग तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला, आवाज कुठून येतो ते बघायला. 

त्या सुमाराला पेपरात बातम्या यायला लागल्या. एका दूरच्या देशाशी आपला व्यापार करार व्हायचा होता. अण्णांचा धाकटा भाऊ शिवराज कलबुर्गीत डाळमिल चालवतो. त्याचा फोन आला की अण्णा तो चौकात उभं राहूनच घ्यायचे. "करार झाला की आपली तूरडाळ थेट तिकडं जाईल अण्णा!" असं शिवराज म्हणाला, आणि अण्णांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आपली डाळ बोटीत बसायली!" कुणीतरी गूळ आणला. चौकाने तो वाटून खाल्ला.

आठवड्याभरात आमच्या डाकसेवकांच्या संघटनेची बैठक बसवकल्याणला झाली. तिथे संघटनेच्या एका जुन्या कार्यकर्त्याने दुसरी बाजू मांडली. अशा करारांत डाळ आणि कापडच असतं असं नाही, टपाल आणि कुरिअरही असू शकतं. शहरातल्या पार्सलांवर जे मिळतं त्याच्या आधारावर कोहिनूरसारख्या गावांतलं टपाल चालतं. मोठ्या पार्सल कंपन्यांना ते खुपतं. सरकारी टपालाने एकीकडची मिळकत दुसरीकडे लावून कंपन्यांशी स्पर्धा करू नये, अशी अट त्या मागतात. ती करारात शिरली तर गावातली पोस्टं कशावर चालवायची? आपल्या करारात ती अट होती की नाही, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मसुदा कुणी पाहिलाच नव्हता.

अण्णा ताडकन उठले. "मंग इचारायला काय पैसे पडतेत? कलबुर्गीला इचारू!"

कलबुर्गीत व्यापाऱ्यांची सभा भरणार होती. करारावर लोकांचं म्हणणं ऐकायला बेंगळुरूहून एक अधिकारी बाई येणार होत्या. बोलावणं फक्त व्यापाऱ्यांना होतं. अण्णा मला घेऊन थेट शिवराजच्या मिलवर गेले. डाळीच्या धुरळ्यात उभे राहून दोघे भाऊ असे भांडले की हमाल पोती खाली ठेवून ऐकत राहिले.

"अण्णा, तुमच्या टपालापायी माझा करार मोडायचा का?"

"मोड म्हनलो का मी? तुझी डाळ जाऊ दे की! पण तुझ्या डाळीच्या बोटीत बसून माझं पोस्ट कोन बुडवायलंय ते बघायला नको?"

"कंपन्या आल्या तर पार्सल लवकर येईल. लोकांना बरंच हाय."

"कुठल्या लोकांला? तांड्यावर येतेत का त्या?"

शिवराजने अंगावरचा धुरळा झटकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही सांगा. नेमकं मागायचं काय आहे तुम्हाला? हे ओरडतात, कळत काहीच नाही."

मी म्हणाले, "करार करा. पण गावात टपाल पोचवायचं की नाही, कसं पोचवायचं आणि त्याचा खर्च कुठून काढायचा, हे आपल्या देशाच्या हातात राहू द्या. एवढंच."

शिवराज हसला. "एवढंच आहे तर माझ्यासोबत चला. माझे पाहुणे म्हणून बसा."

सभेला जाताना मी घाबरले होते आणि अण्णा लग्नाला निघाल्यासारखे नटले होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, खांद्यावर जरीकाठी उपरणं. सभागृह थंडगार. व्यापारी एकामागून एक उठत होते, निर्यात, जकात, बंदर असं काहीबाही बोलत होते. अण्णांची मांडी सारखी हलत होती. शेवटी बाईंनी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?" तसे अण्णा उठले. त्यांना माईक लागला नाही.

सुरुवातच त्यांनी नाटकातल्या राजासारखी केली. परके व्यापारी तराजू घेऊन येतेत अन् जाताना गादी घेऊन जातेत, इथून जे सुरू झालं ते निजामाच्या काळाला वळसा घालून आलं तरी टपालापर्यंत पोचेना. मागच्या रांगेत लोक हसायला लागले. बाई नम्रपणे म्हणाल्या, "अण्णा, मुद्दा सांगा." अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा मोठा माणूस, त्या थंड सभागृहात त्यांच्या कपाळावरची विभूती घामाने ओघळलेली मला दिसली. पुढचं वाक्य त्यांना सुचतच नव्हतं.

 मग त्यांनी माझं मनगट धरलं, मला उभं केलं आणि म्हणाले, "ही आमची पोस्टमास्तर. मी वरडतो, ही सांगती. हिला ऐका."

 लोक आता हसत नव्हते, वाट बघत होते. मी मिलवर बोलले तेच बोलले. मग मला शांता आठवली, तिचं यंत्र सांगितलं, पूल खचलेला ओढा सांगितला. म्हटलं, "त्या तांड्यावर जायला कुठल्याच कंपनीला परवडणार नाही, आणि त्यांचं चुकतही नाही. पण कुणाला तरी जावंच लागेल. आम्ही जातो. आमचं जाणं करारात कापू नका."

खाली बसताना माझा पदर खुर्चीत अडकला, मी धडपडले, कुणीतरी सावरलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून शिवराज उठला. व्यापाऱ्यांकडे तोंड करून म्हणाला, "मी कराराच्या बाजूचा आहे. माझी डाळ बाहेर गेली पाहिजे. पण मी मादन हिप्परगा गावचा जावई आहे. तिथं माझ्या सासूची औषधं पोस्टानंच येतात. ही बाई सांगते तसं एक कलम लिहून घ्यायला आपलं काय जातं?"

आधी दोघांनी टाळ्या वाजवल्या, मग बऱ्याच जणांनी. अधिकारी बाईंनी माझ्याकडून ते वाक्य पुन्हा सांगून घेतलं, लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?" मी मान हलवली. अण्णा मात्र सभागृह दणाणेल असे ओरडले, "बरोब्बर!"

बाहेर आल्यावर अण्णांनी शिवराजला उराशी धरलं. दोघेही रडत होते आणि दोघेही डोळ्यांत डाळीचा धुरळा गेलाय असं म्हणत होते. मिल तिथून बरीच लांब होती.

मग महिने गेले. एका सकाळी संघटनेच्या माणसाचा फोन आला. कराराचा मसुदा बाहेर आला होता. टपालाचं कलम त्यात होतं, आणि गावोगाव टपाल पोचवण्याची सेवा कशी ठेवायची हे ज्या त्या देशाने ठरवायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते आमच्यामुळे आलं का? मला नाही वाटत. ठिकठिकाणी कितीतरी लोक बोलले असतील. मी अण्णांना तसं म्हटलंही.

"आसंल की," ते म्हणाले. "त्या कितीतरीत आपण हाव का न्हाई?"

मग त्यांनी गव्हाची गुळातली खीर, हुग्गी, करायला सांगितली, मोठ्या पातेल्यात, आणि सगळ्या गावाला वाढली. वाढताना प्रत्येकाला कराराचं कलम समजावून सांगत होते. निम्म्या लोकांना कळलं नाही. हुग्गी सगळ्यांना कळली.

सगळं सुरक्षित झालं असं नाही. हमरस्त्यावरच्या गावांत पार्सल कंपन्यांची पोरं पाठीवर मोठ्या पिशव्या घेऊन फिरायला लागली, आमची बरीच पार्सलं तिकडे वळली. अण्णा त्या पोरांनाही थांबवून चहा पाजायचे, ओढ्यापलीकडची वाट सांगायचे. मी रागावले तर म्हणाले, "त्यांच्यावर कामून राग? ते बी वझंच वाहायलेत. उद्या त्यांची संघटना झाली तर त्यांच्या सभेला बी जाऊ."

अण्णा निवृत्त झाले आणि पुढे मी संघटनेची जिल्हा सचिव झाले. दुसऱ्या एका कराराची बोलणी सुरू झाली, तेव्हा डाकसेवकांच्या वतीने दिल्लीत म्हणणं मांडायला जाणाऱ्यांत माझं नाव आलं. बिदरहून रेल्वे होती. बसवकल्याणच्या बसस्टँडवर मला निरोप द्यायला अण्णा आले होते. थकले होते, काठी हातात होती. आमची ती शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

बस गच्च भरलेली. मी कशीबशी आत शिरले, दांड्याला धरून उभी राहिले. तोच अण्णा काठी टेकत पायरीवर चढले. कंडक्टर म्हणाला, "अज्जा, येळ झाला, उतरा." अण्णांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आमची सुमन पोस्टमास्तर. दिल्लीला चालली. तुमच्यासाठी बोलायला चालली. तिला बसायला जागा द्या!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार माणसं एकदम उठली. अण्णा समाधानाने खाली उतरले, बस हलली, काचेतून त्यांचा वर केलेला हात दिसला आणि वळणावर दिसेनासा झाला. मी डोळे पुसत बसले तेव्हा शेजारच्या म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"व्हय गं माय, आमच्यासाठी काय बोलणार हाईस?"

पुढच्या बाकावरची माणसं मागे वळली. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. मी सांगायला लागले. हुमनाबाद आलं तरी माझं संपलं नव्हतं, आणि ज्यांना तिथं उतरायचं होतं ती दोन माणसं अजून जागची उठली नव्हती.